अकरा नंबरची स्लाइड

आमचे सर माणूस आधी बघत नसत, माणसाचा तुकडा आधी बघत. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ बरणीत घालून लॅबमध्ये आली, की ते खुर्चीतून उठून उभे राहायचे आणि बरणीला म्हणायचे, "या पावणं, बसा." कुणी हसलं की चिडायचे. "ह्यो तुकडा कुणाच्या तरी पोटातनं उठून आलाय. त्येला या म्हणाय तुमचं काय जातंय?"

मी जयसिंगपूरची. नव्वदच्या दशकात डिप्लोमा करून त्यांच्या कोल्हापूरच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले आणि सतरा-अठरा वर्षं तिथंच राहिले. तुकडे मेणात घट्ट करायचे, यंत्रावर त्यांचे पापडाहून पातळ काप काढायचे, ते काचेवर चढवून रंगवायचे, हे माझं काम. मग सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सांगायचे, कॅन्सर आहे की नाही. इंग्रजीत रिपोर्ट असा लिहायचे की मुंबईचे डॉक्टर फोन करून कौतुक करत. तोंड उघडलं की मात्र थेट भाजी मंडई. पहिला महिनाभर मला प्रश्न पडला होता, की हा माणूस खरंच डॉक्टर आहे की डॉक्टरांचा कुणी नातेवाईक येऊन बसलाय.

रविवारी ते फुटबॉलचे रेफरी असत. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय चीज आहे हे बाहेरच्याला सांगून पटत नाही, पण इथं सामना असला की पेठाच्या पेठा ओस पडतात आणि रेफरीला त्याच्या सात पिढ्यांसकट आठवलं जातं. काटकुळे पाय, ढगळ हाफ पँट आणि गळ्यात शिट्टी अशा अवतारात सर मैदानात पळायचे आणि लोकांच्या शिव्या खायचे. सोमवारी अगदी ताजेतवाने होऊन यायचे. "आठवडाभर मुकी माणसं बघालोय मी काचंवर. एक दिवस कुणीतरी बोलाय नगो?"

त्यांचा सगळा जीव एका प्रश्नात अडकला होता. पोटाच्या, म्हणजे जठराच्या, आणि आतड्याच्या कॅन्सरची स्लाइड बघितली, की गाठीच्या भोवती बारीक गोल पेशींची गर्दी दिसते. ह्या आपल्या बाजूच्या, लढणाऱ्या पेशी. गर्दी जितकी जास्त तितका रोगी बरा, असं पुस्तकं सांगायची. सरांनी मात्र अशी कितीतरी माणसं बघितली होती की ज्यांच्या स्लाइडवर गर्दी मावत नव्हती आणि तरीही वर्षभरात ती गेली. "गर्दी हाय, पण खेळ न्हाय," ते म्हणायचे. मग टेबलावर हात आपटून मला समजवायला लागायचे. "अगं, शरीरात लढणारी हायत, तशी लढणाऱ्यांना 'पुरे आता' म्हणणारी पण पायजेत की. न्हाईतर आपलं शरीर आपल्यालाच खाईल. त्यो झाला रेफरी. ह्या कॅन्सरनं काय केलंय? रेफरीच फोडलाय! आपली पोरं पाय उचलायच्या आत ह्यो शिट्टी मारतोय."

त्या काळी हे बोलणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं होतं. अशा दाबून धरणाऱ्या पेशी असतात हा विचार पूर्वी येऊन गेला होता आणि मोठमोठ्या लोकांनी तो मोडीत काढला होता. पुण्याला डॉक्टरांच्या एका सभेत सर उठून ह्याबद्दल बोलले, तर व्यासपीठावरच्या एका ज्येष्ठांनी विचारलं, "ह्या पेशी फक्त तुमच्याच जिल्ह्यात आढळतात का?" सगळा हॉल हसला. सर परत आले, रजिस्टर उघडलं, आणि कुणी न विचारता म्हणाले, "हसू देत." पण दुपारचा डबा त्यांनी तसाच परत नेला.

स्लाइडवरची माणसं पुढं जगली की गेली, हे कळल्याशिवाय सरांचा हिशेब पुरा होत नव्हता. आता 'आपण जिवंत आहात का?' असं पत्र कुणाला लिहिणार? म्हणून दरवर्षी दिवाळीला ते प्रत्येक जुन्या रोग्याला जोडकार्ड, म्हणजे उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं पोस्टकार्ड, पाठवायचे. त्यात शुभेच्छा, आणि खाली एकच प्रश्न, 'आपले सध्याचे वजन किती?' उत्तरं यायची. 'वजन चोपन्न. म्हैस व्याली. मुलीचं ठरलं.' सर ती मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. उत्तर नाही आलं, की शनिवारी एसटी पकडून स्वतः जायचे.

असेच एकदा हुपरीला गेले. तिथल्या एका चांदी कारागिराचं कार्ड आलं नव्हतं आणि स्टँडवर कुणीतरी 'ते गेले की' असं सांगितलं होतं. सर तोंड पाडून घरात शिरले, तर तोच माणूस पैंजणाला घुंगरू जोडत बसलेला. सरांच्या तोंडून निघून गेलं, "आयला, तुम्ही हाय व्हय अजून?"

"का? जायाला पायजे हुतं व्हय?" कारागीर हातातली सांडशी न सोडता म्हणाला.

गेला होता तो शेजारचा त्याच नावाचा माणूस. मग घरच्यांनी सरांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. हातावर एक मोकळं घुंगरूही ठेवलं. पुढं आठवडाभर ते खिशात वाजायचं आणि सर कुठं आहेत ते आम्हाला कळायचं.

दोन हजार साल उलटलं आणि जग सरांकडं आलं. त्या पेशी खरोखरच असतात, त्यांची खूण पटवता येते, असं परदेशातल्या मासिकांत छापून यायला लागलं. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तिकडून बर्फात घालून एक इवलीशी बाटली धाडली. त्या औषधानं रंगवलं, की गर्दीतल्या फक्त रेफरी पेशी तपकिरी दिसायच्या. बाटलीवर सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'हात लावाल तर बघा.' पण रंग धरायला आधी काप दाबाखाली उकळावे लागायचे, आणि तसलं यंत्र आमच्याकडं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सर घरचा पाच लिटरचा कुकर घेऊन आले. दुपारी वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन. "अगं, तिकडं आमचा कुकर आलाय का? डाळ तशीच भिजत पडलीय." तो कुकर परत कधीच गेला नाही. वहिनींनी नवा घेतला आणि तो कपाटात कुलपात ठेवला.

पहिली स्लाइड रंगून आली तेव्हा सरांनी डोळा लावून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघितली. मग मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "बघ." निळ्या गर्दीत जागोजागी तपकिरी ठिपके होते. मला रडू आलं, कारण मला पुण्याहून आल्यावर त्यांनी न खाता परत नेलेला तो डबा आठवला.

त्याच सुमारास बातम्या यायला लागल्या, की ह्या रेफरींची शिट्टी काढून घेणारी औषधं परदेशात रोग्यांवर वापरून बघतायत. काहींची गाठ विरघळते, पण काहींचं आतडं असं भडकतं की जुलाबानं जीव जायची वेळ येते. सरांना हे वाचून पुरेना. एका रविवारी दोन पेठांच्या पोरांच्या मैत्रीपूर्ण सामन्यात त्यांनी ठरवून दहा मिनिटं शिट्टी खिशात ठेवली. काय होतंय ते बघायचं होतं. तिसऱ्या मिनिटाला धक्काबुक्की, पाचव्याला गोलकीपर बॉल सोडून एकाच्या मागं लागला, सातव्याला प्रेक्षक मैदानात. सोमवारी सर एक डोळा काळानिळा घेऊन आले. "औषधाचं बराबर हाय बघ," खुशीत म्हणाले. "गाठ बी विरघळंल आणि आतडं बी पेटंल." वहिनींनी त्यांना त्या हंगामात पुन्हा मैदानावर पाठवलं नाही.

मोजायची त्यांची पद्धत मात्र भयंकर कडक. स्लाइडवर नाव नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा ही यादी माझ्याकडं, आणि तीही लॅबमध्ये नाही, जयसिंगपूरला माझ्या घरच्या कपाटात. "माझ्यावर माझा इस्वास न्हाय," ते सांगायचे. काप घ्यायचा तोही गाठीच्या गाभ्यातला, म्हणजे पोटाचा की आतड्याचा हेही कळू नये. कळलाच तर तो बाजूला टाकायचा. मोजून झालं की दोन ट्रे. डावीकडं रेफरी जास्त असलेले, उजवीकडं कमी. आणि सरांचं म्हणणं होतं, डावीकडचे टिकत नाहीत.

मग सरांनाच निघालं. मोठ्या आतड्यात गाठ. रक्त जात होतं ते त्यांनी चार महिने मूळव्याधीवर ढकललं होतं, एवढे मोठे डॉक्टर असून. ऑपरेशन झालं, बरणी आमच्याकडंच आली. रिपोर्टवर सही मिरजेच्या एका डॉक्टरांनी केली, कारण स्वतःचा रिपोर्ट स्वतः लिहायचा नाही हा सरांचा नियम. दीड महिन्यानं टाके वाळल्यावर ते लॅबमध्ये आले. शर्टात दोन माणसं मावली असती.

"माझं पावणं बाकीच्यांत मिसळ," मला म्हणाले. "सोळा स्लाइडी कर. मला सांगू नगोस."

दुपारची वेळ होती. मी शेजारी उभी होते आणि यादी मला तोंडपाठ होती. चार नंबर आजऱ्याच्या एका काजू कारखान्यात काम करणाऱ्या मावशींचा, त्यांची पोटाची गाठ काढली होती. अकरा नंबर सरांचा. सर एकेक स्लाइड बघत, मोजत, बोलत होते. चार नंबर बघून म्हणाले, "झकास. मैदान मोकळं हाय." उजव्या ट्रेमध्ये. मी पुढच्या स्लाइडी एकेक करून त्यांच्या हातात देत गेले. दहा. मग अकरा. बराच वेळ मोजत राहिले. "अरारा," म्हणाले, "नुसतं रेफरीच की गं. ह्या पावण्याचं काय खरं न्हाय." आणि स्वतःला उचलून डाव्या ट्रेमध्ये ठेवलं.

सोळाही झाल्या. हात धुतले, पुसले. "आता सांग. माझा नंबर कितवा?"

मी म्हणाले, "चार."

कसं म्हणाले ते मला आजही सांगता येणार नाही. ठरवलेलं काहीच नव्हतं. सरांनी चष्मा काढला. "चार व्हय?" एवढंच म्हणाले, आणि खुर्चीत असे सैल बसले की मला कळलं, हा माणूस इतके दिवस किती घाबरलेला होता. संध्याकाळी सगळ्या लॅबला भडंग वाटला. मी घरी जाऊन यादीत खाडाखोड केली. चारवर सरांचं नाव, अकरावर आजऱ्याच्या मावशींचं. दुसऱ्या दिवशी ती सरांना वाचून दाखवली.

एक खोटं बोललं की सुटलो, असं मला वाटलं होतं. पण पुढच्या दिवाळीला आजऱ्याहून कार्ड आलं, 'वजन एक्कावन्न. बरी आहे.' त्याच्या पुढच्या दिवाळीला बावन्न. सरांच्या कपाळाला आठ्या. "अकरा नंबर. पोटाचं. डावा ट्रे. आणि बाई वजन वाढवालीया!" ते आजऱ्याला गेले. मावशींना विचारलं, काय खाता? त्या म्हणाल्या, "काजूच्या कारखान्यात हाय, तर काय खाणार डॉक्टर?" झालं. सर दोन किलो काजूकणी घेऊन परत. स्वतः रोज मूठभर खायचे आणि आम्हालाही द्यायचे. त्या मावशींची दिनचर्या त्यांनी वहीत चार पानं भरून लिहिली. त्यांच्या विहिरीचं पाणीसुद्धा बाटलीत भरून आणलं. मी काजू चावत गप्प बसायची. घासागणिक लाज वाटायची.

एकदा म्हणाले, "मला वाटलं हुतं, आतड्याचं आणि पोटाचं येगळं मोजावं. डाव्या ट्रेमधली आतड्याची दोघं-तिघं टिकल्यात. पण ही आजऱ्याची बया! पोटाचं असून टिकली. म्हंजे जागेचा काय संबंध न्हाय." आणि तो विचार त्यांनी सोडून दिला. तेव्हाही मी बोलले नाही. बोलले असते तर त्यांना कळलं असतं की ते स्वतः डाव्या ट्रेमधले आहेत, आणि डाव्या ट्रेचा अर्थ त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला माहीत नव्हता.

चौथ्या वर्षी पुण्याच्या त्याच सभेचं बोलावणं आलं. आता हसणारे लोक सरांना मान देऊन बोलावत होते. सरांनी भाषणाचा कागद मला वाचून दाखवला. सगळं भाषण एकाच रोग्यावर होतं. अकरा नंबर, आजऱ्याची बाई, पोटाचा कॅन्सर, रेफरी भरपूर, तरी जिवंत. कारण शोधायला हवं. सर पुन्हा त्या हॉलमध्ये उभे राहणार होते, आणि ह्या वेळी लोक हसले तर त्यांचं हसणं बरोबर असणार होतं.

मी कागद त्यांच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "सर, चार नंबर तुमचा नाही. अकरा तुमचा. मी खोटं बोलले."

बाहेर कुणीतरी रिपोर्ट न्यायला आलं होतं, त्याला सरांनी हातानंच थांबवलं.

"चार वर्सं," सर सावकाश म्हणाले, "त्यातली दोन वर्सं मी काजू खाल्लं की गं." मग आवाज चढला. "हिरीचं पाणी आणलं मी! बाटलीतनं! यष्टीत मांडीवर घिऊन बसलो हुतो! माझं सगळं टेबल नासवलंस तू!" त्यांच्याकडं कामाला लागल्यापासून एवढे ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मला रडू फुटलं. मी म्हणाले, "तुम्ही मरणार असं तुम्हाला कळू नये म्हणून केलं."

"मग? मेलो का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मेलो न्हाई," ते म्हणाले, आणि एकदम थांबले. चेहरा बदलला. स्लाइडकडं बघताना व्हायचा तसा झाला. "अकरा माझं. म्हंजे आतड्याचं. आणि ती बाई चार, पोटाची, रेफरी कमी, जिती. बराबर. मग डाव्या ट्रेमधी पोटाचं कोण टिकलंय?"

मी आठवून सांगितलं, "कुणीच नाही."

"आणि आतड्याचं?"

"तुम्ही. आणि दोघं-तिघं. सगळेच की, सर."

सर उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. आतड्यात कोट्यवधी जंतू असतात, ते पुटपुटायला लागले, तिथं सारखीच दंगल पेटायला टपलेली, तिथला रेफरी कदाचित दंगल थोपवत असेल, कॅन्सरच्या बाजूनं नसेलच. "कदाचित," ते पुन्हा म्हणाले, "चार माणसांवर काय सांगायचं न्हाय. पण जे औषध पोटाला द्यायचं तेच आतड्याला दिलं, तर भलत्याच रेफरीची शिट्टी काढून घेतली असं व्हईल की!" मग माझ्याकडं वळले. "आणि तू घाबरून माझ्यापासनं हेच रेफरी लपवलंस? जे माझ्या बाजूनं खेळत असतील?"

मला वाईट तर वाटतच होतं, पण त्या माणसाच्या डोळ्यांत जे आलं होतं ते बघून आनंदही मावत नव्हता. सरांनी पुण्याच्या भाषणाचा कागद फाडला. मोठी वही काढून माझ्यापुढं सरकवली आणि पेन हातात दिलं.

"लिही. तुझ्याच हातानं. अकरा. माझं नाव. मोठं आतडं. रेफरी लई. चौथं वर्स. हाय."

मी लिहायला लागले. अक्षरं एकमेकांवर चढत होती. सर खांद्यावरून वाकून बघत होते.

"हे काय अक्षर?" ते ओरडले. "जित्या माणसाचं नाव हाय ते. नीट काढ!"